शाळेतली पोलीस कॅडेट योजना : संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

आठवीत गेलेल्या मुलाच्या दप्तरातून ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ असे शीर्षक असलेले संमतिपत्र घरी आले, की पालकांच्या मनात बहुधा तीन प्रश्न उभे राहतात. ही एनसीसीच आहे का, पुढे पोलीस भरतीत याचा काही उपयोग होईल का, आणि आपल्या लेकराला पोलिसांची कामे तर करावी लागणार नाहीत ना? शाळेच्या सूचनेत याची उत्तरे क्वचितच असतात, कारण सूचना काढणाऱ्या शिक्षकांच्या हातीही वरून आलेले पत्र तेवढेच असते. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. तिसऱ्याचेही उत्तर ‘नाही’ असेच असायला हवे. पण ते तसे राहील याकडे पालकांना आणि शाळेला लक्ष द्यावे लागते.

एनसीसी ही १९४८च्या स्वतंत्र कायद्याने उभी राहिलेली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली संघटना आहे. तिची प्रमाणपत्रे देशभर ओळखली जातात आणि महाविद्यालयात मिळणाऱ्या ‘सी’ प्रमाणपत्राला पोलीस भरतीत अतिरिक्त गुणांचा लाभ आहे. पोलीस कॅडेट योजनेच्या मागे असा स्वतंत्र कायदा नाही. गृह खात्याने शिक्षण खात्याला सोबत घेऊन राबवलेला तो एक शासकीय कार्यक्रम आहे. त्यामुळे कॅडेटला पोलिसाचा कोणताही अधिकार मिळत नाही. ज्यांच्या डोळ्यांसमोर केवळ भरती आहे, त्यांनी एनसीसीकडे पाहावे हे बरे. नागपुरातल्या जुन्या पिढीला शाळेतली ‘आरएसपी’, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल, आठवत असेल. शाळेसमोरच्या रस्त्यावर शिट्टी आणि हातवारे यांनी वाहतूक थांबवणारी मुले त्याच पथकातली. तिचा विषय रस्त्यापुरता होता. कॅडेट योजनेत रस्ता हा अनेक विषयांपैकी एक आहे.

शाळकरी मुलांना पोलीस दलाशी जोडण्याची कल्पना मुळात नवी नाही. सिंगापूरमध्ये नॅशनल पोलीस कॅडेट कोअर १९५९पासून आहे. ब्रिटनमध्ये पोलीस दलांच्या स्वयंसेवी कॅडेट तुकड्या आहेत आणि अमेरिकेत किशोरवयीनांसाठी ‘एक्सप्लोरर’ नावाचे कार्यक्रम पोलीस दलांशी जोडलेले आहेत. आपल्याकडची योजना मात्र त्यांच्यावरून उचललेली वाटत नाही. तिची मुळे केरळमध्ये आहेत. तिथे २००८ साली ‘जनमैत्री सुरक्षा’ हा लोकाभिमुख पोलीस कामाचा प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच विचारातून पी. विजयन या आयपीएस अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने विद्यार्थी पोलीस कॅडेट प्रकल्प आकाराला आला. २ ऑगस्ट २०१० रोजी तो १२७ शाळांमध्ये सुरू झाला. एका तुकडीत ४४ विद्यार्थी, सहशिक्षणाच्या शाळेत त्यांतले निम्मे मुलगे आणि निम्म्या मुली, आणि शाळेत अशा दोन तुकड्या असा हिशोब होता. त्यातून पहिल्याच टप्प्यात ११,१७६ मुले-मुली कॅडेट झाली.

केरळच्या रचनेतल्या दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगितल्या पाहिजेत, कारण पुढे देशभर योजना पसरताना त्याच पातळ झाल्या, असे माझे मत आहे. पहिली म्हणजे शिक्षकाचे स्थान. तिथे शाळेतल्याच दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यावर ‘कम्युनिटी पोलीस ऑफिसर’ म्हणून तुकडीची जबाबदारी सोपवली गेली. पोलीस दलातले कवायत प्रशिक्षक येऊन-जाऊन असत, शिक्षक रोजचे. दुसरी गोष्ट म्हणजे सातत्य. नियमित शारीरिक कवायत आणि वर्ग यांच्या जोडीला ओणम, नाताळ व उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरे असल्यामुळे दोन वर्षांत मुलांचा या विषयांशी खरोखर सहवास घडत असे. गृह आणि शिक्षण या दोन खात्यांखेरीज परिवहन, वन, उत्पादन शुल्क आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचाही हात त्याला लागला होता. कॅडेटला दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची तरतूदही केरळने केली. आपल्याकडे एखादी शाळा ‘वाढीव गुण मिळतील’ असे सांगत असेल, तर ती केरळची गोष्ट सांगते आहे की महाराष्ट्राची, हे एकदा विचारून घ्यावे.

देशव्यापी कार्यक्रमाचा प्रारंभ तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते २१ जुलै २०१८ रोजी हरियाणातल्या गुरुग्राम येथे झाला. आठवी आणि नववीचे विद्यार्थी हा त्याचा गट आहे. मुलांच्या अभ्यासाचा भार वाढू नये म्हणून त्यात नेमलेले पाठ्यपुस्तक ठेवले नाही, परीक्षा ठेवली नाही, आणि महिन्याला एक वर्ग एवढाच वेळ मागितला. मार्गदर्शनासाठीची पुस्तिका केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास विभागाने एनसीईआरटीच्या साथीने तयार केली. सुरुवातीचा भर शासकीय शाळांवर होता, शहरी आणि ग्रामीण दोन्ही.

पैशाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. प्रारंभी राज्यांना मिळून ६७ कोटी रुपये देण्यात आले आणि शैक्षणिक साधने, प्रशिक्षण व किरकोळ खर्च यांसाठी प्रत्येक शाळेला ५०,००० रुपये असा दर ठरला. सगळी रक्कम याच दराने वाटली असे धरले, तरी भागाकार १३,४०० शाळांवर थांबतो. देशातल्या एकूण शाळांपुढे हा आकडा लहान आहे. म्हणजे आपल्या मुलाच्या शाळेत योजना आहे आणि शेजारच्या शाळेत नाही, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आणि ५०,००० रुपयांत फलक, तक्ते, सहलीच्या बसचे भाडे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण एवढे सगळे बसवायचे म्हटले, की हात आखडतोच.

राबवणार कोण, हा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि शिक्षण हा केंद्र व राज्य दोघांचा. त्यामुळे केंद्राने आराखडा आणि पैसा दिला तरी अंमलबजावणी राज्याच्या गृह विभागाकडे जाते. राज्य पातळीवर गृह विभागाच्या प्रधान सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती, आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, पोलीस आणि शिक्षण खात्याचे अधिकारी असलेली समिती, अशी रचना आराखड्यात आहे. कागदावर दोन खाती आहेत. शाळेत मात्र ती दोन माणसांच्या रूपाने भेटतात. एक म्हणजे जबाबदारी दिलेले शिक्षक आणि दुसरे म्हणजे जवळच्या पोलीस ठाण्यातून येणारे हवालदार किंवा उपनिरीक्षक.

या दुसऱ्या माणसाच्या वेळेवर योजनेचे बरेच काही अवलंबून आहे, आणि नागपुरात तो वेळ फार महाग आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांनंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो. मग पोळा आला, की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत-बडग्यांची मिरवणूक. त्यामागोमाग गणपती, नवरात्र, दीक्षाभूमीवर लाखोंच्या संख्येने येणाऱ्या अनुयायांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, जानेवारीत संक्रांत. या प्रत्येक वेळी ठाण्यातली निम्मीअधिक माणसे बंदोबस्ताला असतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे आणि एप्रिलमध्ये मैदानावर कवायत घ्यायची म्हटली तर सकाळचे नऊ वाजतानाच मुलांच्या तोंडाला कोरड पडते. महिन्याला एक वर्ग ठरवला, तरी त्यांतले कितीतरी वर्ग ‘आज साहेब बंदोबस्तात आहेत’ या एका वाक्यावर संपतात. दोष कोणाचा नाही, पण यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही : नागपुरात ही योजना चालवायची तर तिचा कणा शिक्षकच असायला हवा आणि पोलिसांनी वर्षातून मोजक्या वेळा, पण ठरवून आणि तयारीने यायला हवे.

आता वर्गात शिकवायचे काय, त्याकडे येऊ. विषयांचे दोन गट आहेत. पहिला गट गुन्हे रोखण्याशी संबंधित आहे : लोकसहभागातून चालणारे पोलीस काम, रस्ता सुरक्षा, सामाजिक कुप्रथांविरुद्धचा लढा, स्त्रिया व बालकांची सुरक्षा, भ्रष्टाचार, आपत्ती व्यवस्थापन. दुसरा गट मूल्यांचा आहे : वडीलधाऱ्यांविषयी आदर, सहानुभूती, सहिष्णुता, संयम, संघभावना, शिस्त. दुसऱ्या गटाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ही मूल्ये भाषणाने शिकवता येत असती तर आपल्या प्रार्थनासभांनी हे काम केव्हाच पूर्ण केले असते. पहिला गट मात्र मोलाचा आहे, कारण त्यात मुलांना दुसरीकडे कुठेही न मिळणारी माहिती आहे.

रस्ता सुरक्षेचेच घ्या. ‘सिग्नल पाळा’ हे वाक्य मुलांनी बालवाडीपासून ऐकलेले असते. त्यात आठवीच्या मुलाला काहीच नवे नाही. पण संध्याकाळच्या शिकवणीला बहिणीची मोपेड घेऊन जाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला मोटार वाहन कायद्यातले कलम १९९क समजावून सांगितले, तर वर्ग कान टवकारतो. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर येते. ‘मला दंड होईल’ यापेक्षा ‘माझ्यापायी बाबा कोर्टात उभे राहतील’ हे त्या वयात जास्त लागते. याच कायद्यातले कलम १३४क ही दुसरी उपयोगी गोष्ट : अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. ‘मदत केली तर पोलीस आपल्यालाच धरतील’ ही भीती घरोघर आहे. ती पोलिसानेच वर्गात उभे राहून खोडली तर तिचे वजन वेगळे पडते.

रस्ता सुरक्षेच्या सहलीसाठी नागपूरकरांना लांब जावे लागत नाही. धरमपेठेतला ट्रॅफिक पार्क मुलांच्या परिचयाचा आहे, फक्त आजवर ते तिथे झोके घ्यायला गेलेले असतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या बाबतीत तर आपले शहर विशेष आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे आहे, एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी इथे आहे, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही नागपुरात असते. शिवाय उदाहरण घरचेच आहे : २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरले. त्या रात्री कोणाच्या घरात आधी काय बुडाले, वीज कोणी बंद केली, म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर कोणी नेले, हे मुलांनीच एकमेकांना विचारून लिहून काढावे. पुस्तिकेतल्या पुराच्या पाठापेक्षा त्यातून अधिक कळेल.

माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा तास म्हणजे पोलीस ठाण्याची भेट, अर्थात ती नीट घडवली तर. पुष्कळदा ती शस्त्रे दाखवणे, साहेबांसोबत छायाचित्र आणि बिस्किटाचा पुडा यांवर आटोपते. नीट घडवायची तर मुलांना आधी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी उभे करावे, कारण सामान्य माणसाचा आणि पोलिसांचा संबंध तिथेच जुळतो किंवा बिघडतो. तिथे येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद स्टेशन डायरीत वेळेसह होते, ही गोष्ट मुलांनी डोळ्यांनी पाहावी. दखलपात्र आणि अदखलपात्र यांतला फरक तिथेच सांगावा : मोबाइल हिसकावून नेला तर एफआयआर, शेजाऱ्याने शिवी दिली तर बहुधा अदखलपात्र नोंद, ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ‘हे आमच्या हद्दीत नाही, सीताबर्डीला जा’ हे वाक्य ज्यांच्या घरात कोणी ना कोणी ऐकलेले आहे, त्या मुलांना हे कलम पाठ करावे लागत नाही.

कोठडीसमोर नेल्यावर तिथल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवावे. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला होता, आणि तो का दिला हे सांगायला अधिकाऱ्याने संकोच करू नये. एखाद्या चुणचुणीत मुलीने ‘सर, हा सुरू आहे का?’ असे विचारले, तर समजावे की भेट सार्थकी लागली. मग मुलांच्या स्वतःच्या हक्कांचा विषय आपोआप निघतो. बाल न्याय अधिनियम २०१५प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. तपासासाठी साक्षीदार म्हणून पंधरा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मुलगी असेल तर वयाची अटही नाही. ठाण्यातून बाहेर पडताना मुलांना त्या बाल कल्याण अधिकाऱ्याचे नाव आणि चेहरा माहीत असला, तर माझ्या लेखी तेवढे पुरे.

बालकांच्या सुरक्षेचा पाठ सर्वांत नाजूक आहे आणि तिथे अर्धवट माहिती घातक ठरते. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा, २०१२ सालचा. त्याच्या कलम १९प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे वाक्य वर्गात एवढेच सांगून सोडले, तर ज्या मुलीने मैत्रिणीचे गुपित मनात ठेवले आहे, ती त्याच क्षणी स्वतःला गुन्हेगार समजू लागेल. म्हणून लगेच पुढचे सांगितले पाहिजे, की न कळवल्याबद्दलची शिक्षा मुलांना लागू होत नाही. कायद्याने तो भार मोठ्यांवर टाकला आहे. मुलाने करायचे एवढेच, की भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचे किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करायचा. तातडीची वेळ असेल तर ११२. पीडित मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा लागतो आणि मुलाला कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. एवढे कळले तरी ‘सांगितले तर पोलीस घरी गाडी घेऊन येतील आणि मोहल्ला गोळा होईल’ ही भीती निम्म्यावर येते.

या योजनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप म्हणजे ती मुलांना खबरी बनवेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि नागपुरात तो दर जानेवारीत खरा होऊन समोर उभा राहतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या मांजाने होणाऱ्या दुखापतींची स्वतःहून दखल घेतली. तरीही संक्रांतीच्या आधीपासून दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे कापल्याच्या बातम्या येतातच. आणि हा मांजा कोणाच्या घरी, कोणत्या गल्लीत, चक्रीसकट किती रुपयांना मिळतो, हे पोलिसांच्या आधी आठवीतल्या मुलांना ठाऊक असते. आता समजा, वर्गावर आलेल्या हवालदारांनी प्रेमाने विचारले, ‘बाळांनो, तुमच्या वस्तीत कोण विकतो रे?’ एका मुलाने हात वर केला. विकणारा त्याच्या शेजारचा आहे, दुसऱ्या दिवशी छापा पडतो, आणि नाव कोणी सांगितले हे संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळते. त्या मुलाला तिथेच राहायचे आहे, आणि त्याला संरक्षण देणारी कोणतीही व्यवस्था या योजनेत नाही.

म्हणून सीमारेषा स्पष्ट हवी : कॅडेटला कायदा शिकवायचा, त्याच्याकडून माहिती काढायची नाही. मांजाच्या पाठात मुलांनी नायलॉनचा मांजा कसा ओळखायचा, तो हाताने तुटत का नाही, पक्ष्याच्या पंखात अडकल्यावर काय करायचे, गाडी चालवणाऱ्या काकांनी गळ्याला रुमाल का बांधायचा, हे शिकावे. स्वतः विकत घेऊ नये आणि मित्रांना घेऊ देऊ नये. ज्याला तक्रार करायची आहे, त्याने घरच्यांच्या संमतीने, नाव न सांगता ११२ला फोन करावा. तो त्याचा नागरिक म्हणून असलेला हक्क आहे, कॅडेट म्हणून आलेले कर्तव्य नव्हे. हीच रेषा बंदोबस्तालाही लागू पडते. विसर्जनाच्या दिवशी फुटाळा तलावावरच्या गर्दीत किंवा भर चौकात वाहतूक आवरण्यासाठी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना उभे करणे हे प्रशिक्षण होत नाही, अपुऱ्या मनुष्यबळावर शोधलेला तो स्वस्त उपाय होतो.

निवडीबद्दलही दोन शब्द. जागा मर्यादित असल्या की शाळा उंच, हुशार, कवायतीत देखणी दिसणारी मुले निवडतात. पाहुणे आले की रांग चांगली दिसते. ही मुले योजनेविनाही मार्गी लागली असती. शाळा बुडवणारा, पानठेल्यावर रेंगाळणारा, ज्याच्या घरी पोलीस एकदा येऊन गेले आहेत असा मुलगा या तुकडीत आला, आणि हवालदार काकांनी त्याला नावाने हाक मारली, तर पोलीस म्हणजे केवळ दंडुका नव्हे हे त्याला प्रथमच कळेल. ब्रिटनमधल्या कॅडेट तुकड्यांमध्ये अशा जोखमीच्या परिस्थितीतल्या मुलांना ठरवून जागा देण्याचे धोरण राहिले आहे. आपल्या शाळांनाही ते करता येण्यासारखे आहे, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

अमेरिकेतल्या कार्यक्रमांकडून वेगळा धडा घ्यावा लागतो. तिथल्या एक्सप्लोरर कार्यक्रमांत पोलीस अधिकाऱ्यांनीच किशोरवयीनांचे लैंगिक शोषण केल्याची प्रकरणे पुढे आली आहेत. गणवेशातल्या मोठ्या माणसाबद्दलचा आदर आणि त्याच्यासोबत एकट्याने घालवलेला वेळ या दोन्हींतून हा धोका तयार होतो. त्यामुळे मुले आणि पोलीस कर्मचारी यांच्यातला प्रत्येक तास शिक्षकाच्या, आणि तुकडीत मुली असतील तर शिक्षिकेच्या उपस्थितीतच व्हावा, मुलांचे वैयक्तिक मोबाइल क्रमांक कोणाकडे दिले जाऊ नयेत आणि सहलीला पालक प्रतिनिधी सोबत असावा, अशी मागणी पालकांनी केली तर ती अविश्वासाची समजू नये.

तेव्हा सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना काय विचारावे? जबाबदार शिक्षक कोण आणि त्यांचे प्रशिक्षण झाले आहे का, गेल्या वर्षी ठरलेल्या वर्गांपैकी किती प्रत्यक्ष झाले, त्यांत कवायत किती आणि कायद्याचे विषय किती, गणवेशाचा खर्च कोणावर, शाळेबाहेर मुलांना कुठे नेणार आणि कोणाच्या सोबतीने, आणि मधेच सोडायचे झाल्यास काही अडचण येईल का. उत्तरे मोघम आली तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडता येतो, त्यापुढे महानगरपालिकेच्या शाळांसाठी मनपाचे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आहेत. पोलिसांच्या बाजूने मात्र विभागणी वेगळी आहे. काटोल, रामटेक, उमरेडच्या शाळांचा संबंध ग्रामीण पोलीस अधीक्षकांशी येतो, तर कामठी आणि हिंगण्याची ठाणी नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात मोडतात. त्यामुळे तिथल्या पालकांना शाळा जिल्हा परिषदेची असली, तरी पोलिसांशी संबंधित प्रश्न घेऊन आयुक्तालयाकडेच जावे लागते.